आपल्या कन्येच्या नाकाविषयी सविस्तर

तीर्थस्वरूप सासूबाईंच्या चरणी जावयाचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण ओट्याखालचे जड पातेले ओढताना कंबरेत उसण भरली आहे. तेव्हा आठांपैकी जेवढी अंगे सध्या वाकत आहेत तेवढ्यांचा गोड मानून घ्यावा. मी ओट्याखाली काय करत होतो, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. हे सगळे पत्र त्याचेच उत्तर आहे.)

आपला गुडघा कसा आहे? नवा चष्मा मानवला का? काचा मी स्वतः बसवल्या आहेत. वाचायचा भाग खालच्या बाजूला आहे, म्हणून वाचताना मान वर आणि नजर खाली ठेवावी. आपण माझ्याकडे नेहमी जशा बघता, अगदी तशीच. हे पत्र वाचताना डोळे दुखले तर दोष माझ्या अक्षराचा समजावा, काचेचा नव्हे. धंद्याची अब्रू आहे.

मागे आपला फोन आला तेव्हा आपण विचारले होते, "जावईबापू, तिकडे चाललंय तरी काय? तिचा आवाज असा का येतोय?" मी म्हणालो, "काही नाही, जरा सर्दी." हे खोटे नव्हते, पण पूर आलेला बघून 'जरा ओल आहे' म्हणावे त्यातला प्रकार होता. काय करणार? आपली कन्या समोर बसून माझ्याकडे डोळे वटारून बघत होती, आणि तिचे डोळे वटारणे कुठून आले आहे हे आपल्याला मी सांगायला नको. (हे आदराने लिहितो आहे.) आपल्याला कळले असते तर आपण मिळेल त्या गाडीने औषधांची पिशवी घेऊन आला असता, ही तिची धास्ती. आता सगळे सुरळीत आहे, म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

आपण चारचौघांत 'लेक साबणाच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे' एवढेच सांगता, पण तो हुद्दा नेमका नाकावर बसलेला आहे. कारखान्यात एक पांढरी खोली आहे. तिला सगळे वासघर म्हणतात. तिथे केसांना तेल लावून, अत्तर लावून किंवा नुकतेच जेवून कोणी पाय ठेवायचा नाही. साबणाचा प्रत्येक नवा घाणा बाजारात जाण्याआधी त्याचा तुकडा आपल्या कन्येपुढे येतो. ती डोळे मिटून तो हुंगते आणि म्हणते, "बरोबर." किंवा, "गोडवा जास्त झालाय." किंवा, "ह्याचं पिंप रात्रभर उघडं राहिलं होतं." मग तिचे साहेब कागदावर सही करतात. घरीही तोच खाक्या. मी उंबऱ्यात चपला काढतो न काढतो तोच आतून आवाज यायचा, "न्हाव्याकडे गेला होतात. आणि वाटेत कुणाच्या तरी मोटारीखाली डोकावलात." (खरेच डोकावलो होतो. शेजाऱ्याचे पाकीट पडले होते.) पोलिसांत असती तर चोरांनी शहर सोडले असते.

मी पडलो चष्मेवाला. माझ्या धंद्यात नाक म्हणजे चष्मा टेकवायची जागा. सरळ आहे की बाकदार, फताडे आहे की घसरडे, यापलीकडे नाकाकडून माझी कधी काही अपेक्षा नव्हती. माझे स्वतःचे नाकही त्याच विचारांचे. इतकी वर्षे चष्मा पेलून धरला, त्याउपर काही केले नाही.

तर तिला सर्दी झाली. चारचौघांना होते तशीच, शिंका, रुमाल, वाफारा. आठवड्याने नाक मोकळे झाले. सकाळची कॉफी आमच्याकडे मी करतो. तिने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि विचारले, "कॉफी केलीत की नुसतं पाणी तापवलंत?" मी म्हणालो, पूड नेहमीइतकीच आहे. ती म्हणाली, नुसते कडू गरम पाणी आहे, डबा संपत आला म्हणून काटकसर केली असेल. आता, माझ्या कॉफीला तिने आजवर पुष्कळ नावे ठेवली आहेत, पण काटकसरीचा आरोप नवा होता. मी तिच्यादेखत दुसरा कप केला, त्यात चमचा उभा राहील इतकी पूड घातली. तिने तो तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. मग उठून मोरीतला साबण हुंगला. माझा कालचा शर्ट हुंगला. काचा पुसायच्या स्पिरिटची बाटली उघडून नाकाला लावली आणि म्हणाली, "झोंबतंय. पण वास नाही." आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिली. सासूबाई, पंचवीस वर्षांच्या संसारात मी तिला चिडलेली, रुसलेली, भांडून दमलेली पाहिली आहे, पण अशी घाबरलेली पाहिली नव्हती.

आता खरे ते लिहितो. पहिले दोन दिवस मला जरा मोकळे मोकळे वाटले. दुपारी दुकानातून उठून कोपऱ्यावर तळलेले खाल्ले, वर कच्चा कांदा खाल्ला, संध्याकाळी घरी येऊन तिच्या तोंडासमोर 'आज फार काम होते' असे लांबलचक सांगितले, आणि तिच्या चेहऱ्यावर रेषही हलली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र करमेना. पकडणाराच नसेल तर चोरून खाण्यात काय राम आहे? तळलेले अर्धे टाकून दुकानात परत आलो.

तिकडे तिने कारखान्यात रजा टाकली, पाठदुखीचे कारण देऊन. कारण पुढच्या महिन्याच्या अखेरीस वासघरातल्या लोकांची परीक्षा होती. डोळ्यांवर पट्टी बांधून कागदाच्या पट्ट्या हुंगायला देतात आणि प्रत्येकीवर कोणता वास आहे ते सांगायचे. नापास झाले की खोकी भरायच्या विभागात बदली. नोकरी जात नाही, पण तिच्या शब्दांत सांगायचे तर, "गवयाला तिकीटखिडकीवर बसवल्यासारखं."

मी तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. बाई साठीच्या पुढच्या, बोलायला खणखणीत. त्यांनी कन्येच्या नाकात दिवा घालून पाहिले आणि म्हणाल्या, वाट मोकळी आहे. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही नाक दाबून धरा आणि तोंड उघडा." मी म्हणालो, पेशंट ही आहे. त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे. पण ज्याला वास येतो त्याच्यावरच हे दाखवता येतं." त्यांनी माझ्या जिभेवर एक गोळी ठेवली. कसली चव आहे? गोड. आणि? थोडी आंबट. आणि? आणि काही नाही. "आता नाक सोडा." मी नाक सोडले मात्र, तोंडात एकदम संत्रे अवतरले! मी "संत्रं!" असा ओरडलो की बाहेर बसलेल्या पेशंटांनी दारातून डोकावून पाहिले.

मग बाईंनी जे सांगितले ते मी आपल्याला जमेल तसे सांगतो. जिभेला फक्त पाच गोष्टी कळतात, गोड, आंबट, खारट, कडू, आणि पाचवी ती, जी पिकलेल्या टोमॅटोत किंवा मशरूमच्या रश्श्यात असते आणि जिने घास भरल्यासारखा वाटतो. संपले. (शाळेत आम्हाला जिभेचा नकाशा काढायला लावत, टोकाला गोड, मागे कडू वगैरे. मला त्यात पूर्ण मार्क मिळाले होते. बाई म्हणाल्या, तो नकाशा चुकीचा आहे, जिभेला सगळीकडे सगळे कळते. आयुष्यात एकदा पूर्ण मार्क मिळाले, तेही गेले.) तिखट ही तर चवच नव्हे, ते झोंबणे आहे, आणि त्याच्या नसा वेगळ्या. म्हणून स्पिरिट झोंबले, पण वास आला नाही. बाकी संत्रे, कॉफी, भाजलेला कांदा, आपल्या हातचे लोणी, ज्याला ज्याला आपण चव म्हणतो, तो सगळा वास. घास चावताना त्याची वाफ घशाच्या मागल्या दाराने नाकात चढते, आणि नाकाच्या पार माळ्यावर पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत लाखो पेशी बसलेल्या असतात, त्या तिला ओळखतात. म्हणजे राबते नाक आणि श्रेय घेते जीभ. (बोलता फक्त जिभेला येते, मग श्रेय दुसऱ्या कोणाला मिळणार?) सर्दीने त्या माळ्यावरच्या पेशी होरपळल्या होत्या.

"परत येतात का?" कन्येने विचारले.

"बहुतेकांच्या येतात. ह्या पेशी शरीरात नव्याने उगवणाऱ्यांपैकी आहेत. पण घाई चालत नाही. आठवडे लागतील, महिनेही लागतील. आणि नुसतं वाट बघत बसू नका, नाकाला तालमीला बसवा."

तालीम अशी की, चार बाटल्या घ्यायच्या, गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली थोडा वेळ हळू हुंगायची, आणि हुंगताना तो वास कसा असायचा ते मन लावून आठवायचे. मी उत्साहाने दुकानातल्या रिकाम्या बाटल्या आणल्या, चारांत चार अर्क भरले. आठवडाभर ती मन लावून हुंगत होती आणि मी शेजारी बसून धीर देत होतो. मग एकदा मीच त्या हुंगून पाहिल्या, तर चारही बाटल्यांना काचा पुसायच्या स्पिरिटचा वास! मी त्या धुतल्याच नव्हत्या. आठवडाभर आपली कन्या एका स्पिरिटमध्ये गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी आठवत होती. ती मला काय काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. बरेचसे शब्द आपल्या माहेरचे असावेत, मला सगळे कळले नाहीत.

नव्या बाटल्या आणल्या. आता गंमत ऐका. मी तिच्याबरोबर रोज हुंगत होतो आणि तिला काहीच कळत नव्हते, म्हणून ती मला विचारी, "कसा आहे सांगा." मी म्हणे, "लिंबासारखा." "ते बाटलीवर लिहिलंय. कसा लिंबू? कापलेला, पिळलेला, की नखाने साल खरवडलेला?" मी पुन्हा हुंगे. नखाने खरवडलेला. मग गुलाब. ताजा की सुकलेला? त्यात मध आहे की नाही? असे रोज दोन वेळा. महिन्याभरात तिचे नाक जिथल्या तिथे राहिले आणि माझे नाक तयार झाले! दुकानात एका गृहस्थांच्या डोळ्यांना नंबर लावता लावता मी सहज म्हणून गेलो, "आपल्याकडे मांजर आहे, आणि आज ते आपल्या कोटावर झोपलं होतं." ते कौतुकाने बघतील असे वाटले होते. ते चष्मा न घेताच गेले.

संध्याकाळी आम्ही फिरायला जात असू आणि मी तिला रस्ता वाचून दाखवत असे. इथे पाव भाजतायत, कडेने जरा जास्त. इथे कोणीतरी कपडे वाळत घालताना नीळ टाकली आहे... नाही, निळीला वास नसतो, ओल्या दोरीचा आहे. इथे गवत कापले. ती माझा दंड धरून डोळे मिटून चालायची आणि मधेच दुरुस्त करायची, "गवत नव्हे, मेंदीचं कुंपण असेल. गवताला इतका कडवटपणा नसतो." बघावे तर मेंदी! नाक बंद, पण सगळे डोक्यात शाबूत. सासूबाई, मी लोकांना दूरचे आणि जवळचे दाखवून पोट भरतो, पण कोणाला काही दाखवण्यात एवढी मजा येते हे मला त्या फिरण्यात कळले.

घरात मात्र ती जेवेना. दोन घास खायची आणि ताट सरकवायची. "सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं." गाल बसले, बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. तेव्हा मी कंबर कसली (तीच, जिच्यात आता उसण आहे) आणि स्वयंपाकघर ताब्यात घेतले. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, जिभेला पाच गोष्टी कळतात आणि दातांना कुरकुरीतपणा कळतो. तेवढ्या भांडवलावर दुकान चालवायचे. थंडगार टोमॅटोवर मीठ आणि खमंग भाजलेले दाणे (खमंग मला, तिला नुसते कुरकुरीत). मशरूमचा रस्सा, वर लिंबू, वर मिरची. कडकडीत भाजलेला पाव, आत गार दही. चुकले-माकले ते मी खाल्ले. पण एके दिवशी तिने दुसऱ्यांदा वाढून घेतले, आणि मी हातातला डाव आणखी एकदा तिच्या ताटात रिकामा केला.

ह्याच सुमारास साहेब घरी आले. तिचे साहेब, वासघराचे प्रमुख. उंच, सडपातळ, अतिशय सभ्य. पाठ कशी आहे म्हणून विचारायला आले आणि जेवणाची वेळ असल्यामुळे मी आग्रह केला. हिने मला आत बोलावून कुजबुजत सांगितले, "माझ्यापुढे काही हुंगायला आलं तर तुम्ही खोका. एकदा खोकलात तर छान, दोनदा खोकलात तर वाईट." मी होकार दिला आणि जेवण वाढले. साहेब जेवताना म्हणाले, "वा! काय वास सुटलाय!" मी एकदा खोकलो. ही म्हणाली, "सुटलाय ना?" साहेबांनी रश्श्यावर मिरची घेतली. पुन्हा घेतली. तिसऱ्यांदा घेतली. दाणे सगळे वेचून खाल्ले. कॉफी आली ती न हुंगता घटाघट प्याले, आणि तेही, सासूबाई, मी घाईत कॉफीत साखरेऐवजी भलतीच पूड टाकली होती. लवंगेची. पहिल्या घोटालाच मला ठसका लागला (एकदा की दोनदा, ते मोजायचे भान कोणाला होते!). साहेब म्हणाले, "फार सुंदर कॉफी."

आपली कन्या त्यांच्याकडे टक लावून बघत होती. मग तिने चमचा खाली ठेवला.

"साहेब, तुम्हालाही येत नाही ना?"

"काय येत नाही?"

"वास."

साहेबांनी रुमालाने तोंड पुसले. रुमाल घडी करून खिशात ठेवला. पुन्हा काढला. "तुम्हालाही म्हणजे?" ते म्हणाले. "म्हणजे बाई, तुम्हाला...?"

"सर्दीनंतर. मला पाठदुखी नाही साहेब. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"अहो, मला तर कित्येक वर्षांत काही आलेलं नाही," साहेब म्हणाले आणि एकदम हसू लागले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा इतका सुटा झाला की वाटले, हा माणूस गेली कित्येक वर्षे घट्ट बूट घालून फिरत असावा. "मी तुमच्या चेहऱ्याकडे बघून सही करतो, बाई! तुमची डावी भुवई वर गेली की घाणा परत पाठवायचा. तुम्ही रजेवर गेलात आणि माझी झोप उडाली. काय करू? एक घाणा नुसता देवावर हवाला ठेवून सही करून सोडला."

"कुठला?"

"गुलाबाचा. नंतर कळलं, त्यात गुलाब घालायचाच राहिला होता."

आम्ही दोघे थिजलो. कन्येने विचारले, मग तक्रारी? साहेब म्हणाले, "तक्रारी कसल्या! दुकानदार म्हणतायत, तो बिनवासाचा साबण आणखी पाठवा. लोकांना त्रास होत नाही म्हणे." यावर आपली कन्या जी हसली, ती सर्दीनंतर पहिल्यांदा हसली. साहेबांनी परीक्षा पुढे ढकलली, कारण परीक्षक तेच होते आणि उत्तरे तपासून घ्यायला त्यांना हीच लागायची. दुसऱ्या दिवसापासून ते संध्याकाळी आमच्याकडे तालमीला येऊ लागले. आम्ही तिघे टेबलाभोवती बसून, पत्ते वाटावेत तशा चार बाटल्या फिरवत असू. बाहेरून कोणी पाहिले असते तर त्याला काय वाटले असते कोण जाणे. साहेबांना अजून काही येत नाही, पण बाटली हातात घेताना ते दरवेळी आशेने भुवया उंचावतात, आणि मग बराच वेळ जेवायला थांबतात.

मग एके सकाळी आपली कन्या कॉफी नाकाशी नेऊन किंचाळली, "टायर जळतोय!" गुलाबाला ओल्या कुत्र्याचा वास, साबणाला सडक्या अंड्यांचा. मी हादरून डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अभिनंदन!" नव्या पेशी उगवल्या आहेत, त्यांच्या तारा मेंदूकडे निघाल्या आहेत, पण अजून चुकीच्या घरांच्या घंटा वाजवतायत. होईल हळूहळू. ही मोठीच आनंदाची बातमी होती, फक्त तिच्या नव्या पेशींच्या मते माझाही वास जळक्या टायरमध्येच मोडत होता. माझी उशी बाहेरच्या खोलीत गेली. कोचावर पाय दुमडून पडल्या पडल्या मी स्वतःला समजावत असे की हे प्रगतीचे लक्षण आहे.

आणि शेवटी तो दिवस. आम्ही बाजारातून येत होतो. मी पिशव्या घेऊन पुढे, ती मागे. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली. मला वाटले, दम लागला. ती कठड्याला धरून उभी, नाक जरा वर, आणि म्हणाली, "कुणाकडे रंगकाम चाललंय?" मला तर काही आले नव्हते. (तयार झालेले नाक, पण पिशवीत कांदे होते.) "तेलाचा रंग आहे. टर्पेंटाइन जरा जास्त घातलंय. आणि त्याच्याखाली ओल्या भिंतीचा वास आहे. अहो, भिंत वाळू न देताच रंगवतायत!" आणि तिने समोरचे दार ठोठावले. एका रंगाऱ्याने ब्रश हातात धरून दार उघडले. ती म्हणाली, "मी जरा आत उभी राहू का? थोडाच वेळ." तो बिचारा बाजूला झाला, स्टूल पुसून दिले. रिकाम्या खोलीत, अर्ध्या रंगवलेल्या भिंतीसमोर ती बसली आणि श्वास घेऊ लागली, एक, मग दुसरा, आणि तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले. रंगाऱ्याला वाटले, रंग झोंबला. तो धावत खिडकी उघडायला गेला.

"नको, नको!" ती ओरडली. "उघडू नका!"

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि भिंतीला टेकलो. (तो शर्ट आता फक्त घरात घालतो.)

पुढे रोज एकेक वास घरी परतू लागला. लिंबू आले, पाव आला, एका सकाळी कॉफी आली, आणि त्या संध्याकाळी माझी उशी आत गेली. परीक्षेत ती पहिली आली. (साहेबांनी उत्तरे तपासायला कारखान्याबाहेरची दोन माणसे बोलावली होती. लबाडीचे दिवस संपले, असे त्यांनी वरिष्ठांनाही सांगून टाकले. वरिष्ठ म्हणाले, बिनवासाच्या साबणाचा स्वतंत्र विभाग काढतो आहोत, त्याचे प्रमुख व्हा.) ती कालपासून पुन्हा कामावर जाऊ लागली आहे. सकाळी निघताना दारात थांबून म्हणाली, "दुपारी तळलेलं खाऊ नका," आणि मला इतके बरे वाटले म्हणून सांगू.

आपण प्रकृतीस जपावे, जिना सावकाश उतरावा, आणि ह्या जावयाकडून जे लपवले गेले ते काळजीपोटी होते हे मनाला पटवून घ्यावे. आपली माया आहेच, ती तशीच असू द्यावी.

आपला आज्ञाधारक (बऱ्याच अंशी)
जावई

ता. क. खरे म्हणजे ज्यासाठी लिहायला बसलो ते राहिलेच. आपल्या कन्येला आता स्वयंपाकघर परत हवे आहे. काल तिने माझा रश्श्याचा डाव उचलून वरच्या फळीवर ठेवला. सासूबाई, मला ते सोडवत नाही. सकाळी दुकानात नंबर तपासताना माझे लक्ष संध्याकाळच्या रश्श्यात असते. ती माझे ऐकणार नाही, पण आपला शब्द मोडणार नाही. तेव्हा आपण फोन करून, जरा काळजीच्या सुरात, 'नवं नाक आहे, निदान वर्षभर चुलीच्या धगीपाशी जाऊ नकोस' असे तिला बजावावे. डॉक्टरांनी सांगितले असे आपण म्हणालात तरी माझी हरकत नाही.

आणखी ता. क. पाकिटाला तिकीट लावायला तिच्याकडे देतो आहे. ती दुसऱ्यांची पत्रे वाचत नाही.

आई, मी वाचलं. पाकीट आता मीच चिकटवते आहे, हे त्यांना माहीत नाही. त्यांनी लिहिलंय ते बहुतेक सगळं खरं आहे, एवढंच की रंग हा मला आलेला पहिला खरा वास नव्हे. तो पहिला सांगण्यासारखा वास होता. पहिला आला तो त्यांच्या मशरूमच्या रश्श्याचा, त्याच्या आदल्या आठवड्यात. मला वाटलं, हाही वास उलटापालटा लागतोय, ठीक होईल. पण दुसऱ्या दिवशीही तसाच, तिसऱ्या दिवशीही तसाच. तेव्हा कळलं, नाक सुधारलंय, रस्साच तसा आहे. ते डाव हातात धरून समोर उभे होते, मी नेहमीसारखं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. आता त्यांच्या हाताला हळूहळू वळण येतंय, आणि मला कामावरून आल्यावर आयतं ताट मिळतंय. डाव मी फळीवर ठेवला तो नुसता घासून. तेव्हा तू फोन करून ते म्हणतात तसं मला अवश्य रागाव. मी जरा कुरकुर करीन, तिकडे लक्ष देऊ नकोस. फक्त फोन ठेवण्याआधी त्यांना सहज बोलता बोलता सांग, की रश्श्यात दालचिनी घालत नाहीत. मी सांगितलं, तर आतापर्यंतची सगळी जेवणं त्यांना आठवतील.